माळ्यावरची वही

जर्मनीचा नकाशा समोर घ्या आणि त्याच्या पश्चिम भागात ऱ्हाईन नदीची निळी रेघ शोधा. त्या रेघेवरून बोट वर नेत गेलात, की ड्युसेलडॉर्फ हे नाव सापडेल. 'डॉर्फ' या जर्मन शब्दाचा अर्थ खेडे. ड्युसेल नावाचा एक लहानसा प्रवाह जिथे ऱ्हाईनला मिळतो, तिथले खेडे ते ड्युसेलडॉर्फ. १२८८ साली या खेड्याला नगराचे हक्क मिळाले. आज ते एका मोठ्या राज्याच्या राजधानीचे शहर आहे. पण नाव खेड्याचेच राहिले. आपल्याकडेही एखाद्या वाडीचे शहर होते आणि लोक तिला वाडीच म्हणत राहतात, तसेच हे.

या शहराच्या जुन्या भागात बोल्करस्ट्रासे नावाची एक गजबजलेली गल्ली आहे. तिथल्या त्रेपन्न क्रमांकाच्या घरी १३ डिसेंबर १७९७ रोजी एक मुलगा जन्मला. पुढे हाइनरिश हाइने या नावाने तो जर्मन भाषेतला फार मोठा कवी झाला. त्याच्या कविता शाळांतून पाठ केल्या गेल्या, मोठमोठ्या संगीतकारांनी त्यांना चाली लावल्या. पण तो कवी कसा झाला, याची सगळी कथा इथे सांगायची नाही. या पाठात आपण त्याच्या आयुष्यातील एका वहीची गोष्ट वाचणार आहोत. ती वही त्याच्या आजोबांच्या भावाची होती.

आजोबांच्या भावालाही आपण आजोबाच म्हणतो. जर्मन लोक त्यासाठी वेगळा शब्द वापरतात. या पाठात मात्र आपण आपल्या रीतीने त्यांना आजोबाच म्हणू.

मुलाचे घरचे नाव हॅरी. वडिलांचा कापडाचा व्यापार होता आणि व्यापारातल्या एका इंग्रज स्नेह्यावरून त्यांनी हे नाव ठेवले होते. जर्मन गावात हे नाव विचित्रच वाटे. त्यातून एक गंमत अशी, की गावातला कचरा गाढवाच्या गाडीतून वाहून नेणारा एक माणूस गाढवाला हाकताना जी आरोळी देई, ती नेमकी 'हॅरी'सारखी ऐकू येई. शाळेतल्या मुलांना आयते निमित्तच मिळाले! चिडवणे म्हणजे काय असते, हे तुम्हांला सांगायला नको.

पण यापेक्षा मोठा प्रसंग निराळाच आहे. एकदा हॅरीने वडिलांना विचारले, की माझे आजोबा कोण होते? वडील कामात होते. थोडे हसत, थोडे वैतागत त्यांनी उत्तर दिले, की तुझे आजोबा एक ठेंगणे ज्यू गृहस्थ होते आणि त्यांना भली मोठी दाढी होती. लहान मुलाला केवढा आनंद झाला! दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन त्याने ही बातमी मित्रांना सांगितली. ती तोंडातोंडी पसरली आणि वर्गात एकच दंगा उसळला. मुले बाकांवर चढली, शाईच्या दौती उलटल्या, कुणी प्राण्यांचे आवाज काढू लागले आणि 'ठेंगणा ज्यू, मोठी दाढी' असा घोष सुरू झाला. गुरुजी आले. एवढा गोंधळ कुणी माजवला, अशी चौकशी झाली. दोष कुणाचा ठरला असेल? हॅरीला छड्या मिळाल्या. आयुष्यातला तो पहिला मार, असे त्याने म्हातारपणी लिहून ठेवले आहे.

या प्रसंगात हसण्यासारखे काही आहे असे मला वाटत नाही. त्या काळच्या युरोपात ज्यू लोकांची स्थिती कशी होती, हे कळल्याशिवाय त्यातली बोच ध्यानात येणार नाही. ज्यू हा फार प्राचीन धर्म मानणारा समाज. जेरुसलेम हे त्याचे पवित्र नगर. तेथील मंदिर रोमन सैन्याने इसवी सन ७० मध्ये उद्ध्वस्त केले. त्याआधीच अनेक देशांत पांगलेला हा समाज त्यानंतर अधिकच विखुरला. ख्रिस्ती बहुसंख्य असलेल्या युरोपात तो शतकानुशतके राहिला. पण कुठे राहावे, कोणता धंदा करावा, कोणत्या नोकरीत शिरू नये, यांवर त्याला नाना बंधने होती. हॅरीच्या बालपणी ड्युसेलडॉर्फवर फ्रेंचांचा अंमल आला, तेव्हा ही बंधने बरीच सैल झाली. पुढे नेपोलियनचा पराभव होऊन १८१५ साली हा प्रदेश प्रशियाच्या राज्यात गेला आणि ती पुन्हा आवळली गेली. तेव्हा आजोबांचे नाव अभिमानाने सांगावे आणि त्याबद्दल मार खावा, असा तो काळ होता.

हॅरीची आई बेट्टी ही एका नामांकित डॉक्टरांची मुलगी. तिचे माहेर फान गेल्डर्न घराणे. बाई शिकलेली, करारी, व्यवहारी. आपल्या मुलाने मोठा अधिकारी किंवा सावकार व्हावे, ही तिची इच्छा. कविता म्हणजे दारिद्र्याची वाट, असे तिचे ठाम मत होते. मुलाच्या हातात कादंबरी दिसली की ती काढून घेई, नाटकाला जाऊ देत नसे आणि मोलकरणींनी मुलाला भुताखेताच्या गोष्टी सांगितल्या तर त्यांनाही रागावे. थोडक्यात, मुलाच्या कल्पनेत शिरण्याच्या सगळ्या वाटा तिने बंद केल्या होत्या. एक वाट तेवढी उघडी राहिली. ती तिच्या स्वतःच्या माहेरी होती.

बेट्टीचा एक भाऊ होता, त्याचे नाव सिमोन. हा मामा मोठा विक्षिप्त माणूस. बुटका, जुन्या फॅशनचे कपडे घालणारा आणि मागे वेणी सोडणारा. तेव्हा वेणीची चाल उठून गेली होती. पण मामाने ती सोडली नाही. वडिलोपार्जित थोड्याशा पैशावर त्याचे भागत असे आणि पुस्तके वाचणे नि वर्तमानपत्रांत लिहिणे यांत त्याचा वेळ जाई. त्याच्या घराला लोक 'नोहाची नौका' म्हणत, कारण दारावर तशी नौका कोरून रंगवलेली होती. मामाने भाच्याला आपली चांगली चांगली पुस्तके दिली. शिवाय त्याने आणखी एक गोष्ट केली, आणि मला ती पुस्तकांपेक्षाही मोलाची वाटते. माळ्यावर जाऊन वाटेल तेवढे उचकापाचक करायला त्याने हॅरीला मोकळीक दिली.

त्या माळ्याचे वर्णन हाइनेने मोठ्या मायेने केले आहे. तिथे आईचा लाकडी पाळणा होता, त्यात आता आजोबांचा समारंभात घालायचा केसांचा टोप पडलेला असे. आजोबांची गंजलेली तलवार होती, एकच पाय उरलेला लोखंडी चिमटा होता. आजीचा पेंढा भरलेला पोपट होता. त्याची पिसे झडली होती आणि काचेचा एकच डोळा उरला होता. चिनी मातीचा हिरवा कुत्रा होता. या सगळ्यावर एका लठ्ठ मांजरीचे राज्य होते. तुमच्या घराच्या माळ्यावर पितळेची फुटकी समई, आजीचे जाते, कुणाच्या तरी लग्नातली ट्रंक असे सामान पडलेले तुम्ही पाहिले असेल. ते कशाला ठेवले आहे, असे विचारले तर उत्तर मिळत नाही आणि टाकून देऊ का, असे विचारले तर कुणी होही म्हणत नाही. 'नोहाच्या नौके'तला माळा त्याच जातीचा होता.

याच माळ्यावर धुळीने माखलेल्या एका पेटीत हॅरीला एक वही सापडली. अक्षर आजोबांच्या एका भावाचे होते. त्यांचेही नाव सिमोन. घरातल्या म्हाताऱ्या आत्या-मावश्या त्यांना 'शेवालिए' म्हणजे 'सरदार' म्हणत. कधी 'पूर्वेकडचे' असेही म्हणत. त्यांच्या गोष्टी सांगताना या बायकांचा आवाज बदले. हॅरीने त्यांना कधी पाहिले नव्हते. सिमोन आजोबा १७८८ साली वारले, म्हणजे नातवाच्या जन्माआधी नऊ वर्षे. पण न पाहिलेल्या माणसावरही माया जडते. आपल्यापैकी अनेकांनी आपले पणजोबा पाहिलेले नसतात, तरी त्यांच्या वारीच्या गोष्टी अशा सांगतो, की जणू आपणच टाळ घेऊन मागे चालत होतो.

हे सिमोन आजोबा होते तरी कोण? त्यांचा जन्म १७२० सालचा. घराणे प्रतिष्ठित, पूर्वज ड्युसेलडॉर्फच्या दरबाराशी सावकारीचे व्यवहार करणारे. सिमोनचे मन मात्र व्यवहारात रमले नाही. तो घराबाहेर पडला, युरोपातल्या शहरांतून हिंडला आणि अठराव्या शतकाच्या मध्याला समुद्र ओलांडून पूर्वेकडे गेला. ज्या जेरुसलेमकडे तोंड करून त्याचे पूर्वज रोज प्रार्थना करत, त्या पवित्र भूमीची त्याने यात्रा केली. तेव्हा आगगाडी नव्हती, आगबोट नव्हती. शिडाची जहाजे वाऱ्याच्या मर्जीवर चालत. वाटेत चाचे, रोगराई, वाळवंटातले लुटारू. काशीला जाणाऱ्या माणसाला आपल्याकडे पूर्वी गावाच्या वेशीपर्यंत रडत निरोप देत, कारण तो परत येईलच याचा भरवसा नसे. ड्युसेलडॉर्फहून जेरुसलेमला निघणाऱ्याची गोष्ट याहून वेगळी नव्हती.

घरातल्या बायकांनी सांगितलेल्या हकिकती आणखी रंगीत होत्या. म्हणे, उत्तर आफ्रिकेच्या एका मरूद्यानात स्वतंत्र वृत्तीच्या अरब टोळीने त्याला आपला म्होरक्या केले होते. म्हणे, घोड्यावर बसावे तर त्यानेच. म्हणे, युरोपात परत आल्यावर तो पूर्वेकडचा भरजरी पोशाख करून राजदरबारांत वावरे आणि त्याच्या रूपावर व गूढ विद्येवर लोक भुलत. यांतले खरे किती आणि तिखटमीठ किती, हे तुम्हीच ओळखा. एवढे खरे, की तो लिहिता माणूस होता. मोझेस आणि होरेब पर्वत यांविषयीची त्याची एक रचना १७७३ साली लंडनमध्ये छापली गेली.

पण या सगळ्या हकिकतींत एक हकिकत अगदी साधी होती, आणि माझ्या मते मुलाच्या मनात खोल गेली असेल तर तीच. जेरुसलेममध्ये मोरिया नावाची टेकडी आहे. देवाच्या आज्ञेवरून अब्राहाम आपल्या मुलाचा बळी द्यायला निघाला ती जागा हीच, अशी श्रद्धा आहे. शलमोन राजाचे मंदिरही तिथेच होते, असे मानतात. त्या मोरियावर प्रार्थनेत तल्लीन झालेल्या सिमोनला काहीतरी दिसले. काय दिसले? ते त्याने कधीच कुणाला सांगितले नाही.

पुढे राजदरबार झाले, पोशाख झाले, ग्रंथ झाला. त्याबद्दल बोलायला सगळे होते. त्या एका क्षणाबद्दल मात्र जो बोलू शकला असता, तो गप्प राहिला.

हॅरीने वही उघडली तेव्हा त्याला ही उत्सुकता असणारच. पण वही वाचता येईना! अक्षरे अरबी, सिरियन, कॉप्टिक अशा पूर्वेकडच्या लिप्यांतली होती आणि मधून मधून फ्रेंच वाक्ये होती, असे त्याने लिहिले आहे. फ्रेंच त्याला येत होते, बाकीचे नाही. समोर आजोबांची सगळी यात्रा पडलेली आणि तिला कुलूप! अशा वेळी मूल काय करते? वाचता येत नाही ते ते कल्पनेने भरून काढते. हॅरीने तेच केले, आणि ते इतके केले, की जवळजवळ वर्षभर तो स्वतःला सिमोन आजोबाच समजू लागला. झोपेत तो अनोळखी शहरांतून चाले, कधी न पाहिलेले पोशाख घाली, न शिकलेल्या भाषेत बोले. जागेपणीही आपण दोन आयुष्ये जगत आहोत, असे त्याला वाटे. हातून एखादी चूक झाली, तर ती आजोबांच्या खात्यावर घालण्यापर्यंत मजल गेली. वडील मोठे मिस्कील. ते म्हणाले, की आजोबांनी कुठे हुंड्यांवर सह्या करून ठेवल्या नसतील अशी आशा करू या, नाहीतर त्या एक दिवस तुझ्यापुढे वसुलीला यायच्या!

वडिलांनी हे थट्टेत म्हटले. पण आजोबांकडून नातवाकडे पैशाअडक्याखेरीज काय काय येते, याचा विचार केला तर ही थट्टा फार हलकी वाटत नाही. आपल्याकडचेच एक उदाहरण पाहा. गोव्यातल्या साखवाळ गावी १८७६ साली जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी यांनी 'बालबोध' या मुलांच्या मासिकात गौतम बुद्धांचे चरित्र वाचले आणि त्यांना बुद्धाचा ध्यास लागला. त्यासाठी ते घर सोडून निघाले. पुणे, काशी, नेपाळ असे करत श्रीलंकेत पोहोचले, १९०२ मध्ये तिथे भिक्षू झाले आणि ब्रह्मदेशातही राहिले. ही सारी यात्रा त्यांनी 'निवेदन' या मराठी आत्मचरित्रात लिहिली. पुढे अनेक वर्षांनी त्यांची नात, समाजशास्त्रज्ञ मीरा कोसंबी, यांनी आजोबांचे ते लेखन इंग्रजीत आणून जगापुढे ठेवले. मीराताईंना आजोबांची वही वाचता येत होती, हॅरीला येत नव्हती. म्हणून त्याची यात्रा वेगळ्या वाटेने गेली.

ती पहिल्यांदा गेली गंगेकडे! १८१९ साली हाइने बॉनच्या विद्यापीठात कायदा शिकायला गेला. तिथे आउगुस्ट विल्हेल्म श्लेगेल हे प्राध्यापक होते. साहित्याचे थोर अभ्यासक आणि संस्कृतचे पंडित. हाइने त्यांच्या व्याख्यानांना बसे. याच श्लेगेल यांनी १८२३ साली भगवद्गीता देवनागरी अक्षरांत, लॅटिन भाषांतरासह छापली. आज ज्या लिपीत तुम्ही हा पाठ वाचत आहात, त्या लिपीचे खिळे पाडून घेऊन जर्मनीत गीता छापली गेली, याचे आपल्याला कौतुक वाटले पाहिजे. त्याच १८२३ साली हाइनेच्या काही कविता प्रसिद्ध झाल्या. त्यांतल्या एका कवितेत कवी आपल्या प्रिय व्यक्तीला गाण्याच्या पंखांवर बसवून गंगेच्या काठी नेतो. तिथे कमळे आहेत, हरणे आहेत, दूरवर पवित्र नदीच्या लाटांचा आवाज आहे. या कवितेला फेलिक्स मेंडेल्सझोन या संगीतकाराने लावलेली चाल जगभर गायली जाते. मेंडेल्सझोन १८३३ ते १८३५ ड्युसेलडॉर्फमध्येच संगीत दिग्दर्शक होता. तोही एका प्रसिद्ध ज्यू आजोबांचा नातू. त्याचे आजोबा मोझेस मेंडेल्सझोन हे मोठे तत्त्वज्ञ होते.

हाइने भारतात कधी आला नाही. गंगा त्याने पाहिली नाही. आपल्याला हे वर्णन वाचताना थोडी मौज वाटेल, कारण त्यात घाट नाहीत, गर्दी नाही, ऊन नाही. पण नुसत्या मनाने दूरच्या तीर्थाला पोहोचण्याची ही सवय त्याला कुठे लागली असेल, याचे उत्तर 'नोहाच्या नौके'च्या माळ्यावर आहे.

यानंतर मात्र कठीण काळ आला. १८२५ मध्ये त्याने कायद्याची पदवी मिळवली. वकिली किंवा सरकारी नोकरी करायची तर ज्यू असणे ही अडचण होती. म्हणून पदवी मिळण्याच्या थोडेच आधी, २८ जून १८२५ रोजी, त्याने हायलिगेनश्टाट या गावी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. 'हॅरी'चा 'हाइनरिश' झाला तो त्या दिवशी. बाप्तिस्म्याचा कागद म्हणजे युरोपच्या संस्कृतीत शिरण्याचे तिकीट, असे त्याने स्वतःच कडवटपणे म्हणून ठेवले आहे. श्रद्धेने धर्म बदलणाऱ्याबद्दल आपल्याला आदर वाटतो. पण पोटासाठी ज्याला तो बदलावा लागतो, त्याच्या मनाची अवस्था काय होत असेल? तिकीट काढूनही गाडीत जागा मिळाली नाही. ना वकिली जमली, ना प्राध्यापकाची जागा मिळाली. काही महिन्यांनी एका मित्राला त्याने लिहिले, की आता ख्रिस्ती लोकही माझा द्वेष करतात आणि ज्यूही. एक लक्षात घ्या. याच सुमारास तो ग्रंथालयात बसून ज्यूंचा इतिहास वाचत होता आणि ऱ्हाईनकाठच्या एका ज्यू धर्मगुरूची कथा लिहीत होता. दार ओलांडून तो बाहेर पडला खरा, पण मान मागेच वळलेली होती.

१८३१ साली तो पॅरिसला गेला आणि उरलेले आयुष्य त्याने तिथेच काढले. १८३५ मध्ये जर्मन राज्यांच्या संघाने त्याच्या लेखनावर बंदी घातली. पुढची अनेक वर्षे तो थट्टेखोर, धारदार लेखणीचा माणूस म्हणून गाजला. देव, धर्म, राजे, कवी, कुणीही त्याच्या तडाख्यातून सुटले नाही. या काळाबद्दल सांगण्यासारखे खूप आहे; पण आपल्या वहीशी त्याचा संबंध थोडा.

१८४८ च्या मे महिन्यात तो शेवटचा घराबाहेर पडला. लूव्र संग्रहालयातल्या व्हीनसच्या पुतळ्यापाशी तो कोसळला, असे त्यानेच सांगितले आहे. त्यानंतर आठ वर्षे तो अंथरुणावर होता. पाय गेले होते. पापणी आपणहून उघडत नसे, बोटाने वर उचलावी लागे. जमिनीवर एकावर एक गाद्या घालून त्यांवर त्याला ठेवत. या अंथरुणाला त्याने 'गाद्यांची कबर' असे नाव दिले. थट्टा इथेही सुटली नव्हती!

अशा स्थितीत त्याने १८५१ मध्ये एक मोठा काव्यसंग्रह प्रसिद्ध केला. त्याच्या अखेरच्या टिपणात त्याने सांगून टाकले, की मी पुन्हा देवाकडे वळलो आहे. मात्र कोणत्याही देवळात वा चर्चमध्ये मी परतलेलो नाही. या संग्रहाच्या तिसऱ्या भागात एक दीर्घ कविता आहे. तिचा नायक आहे येहुदा हालेवी. हा बाराव्या शतकातला स्पेनमधला ज्यू कवी. त्याने आयुष्यभर जेरुसलेमच्या ओढीची गीते लिहिली आणि अखेर उतारवयात, ११४० साली, सगळे सोडून तो निघाला. इजिप्तपर्यंत तो पोहोचल्याचे पुरावे आहेत. ११४१ मध्ये त्याला मरण आले. दंतकथा अशी, की जेरुसलेमच्या भग्न वेशीपाशी बसून तो आपले गीत म्हणत असताना एका घोडेस्वाराने त्याला भाल्याने मारले. ज्याला स्वतःची कूसही बदलता येत नव्हती, त्या माणसाने या यात्रेकरूची कविता लिहावी, यात मला सिमोन आजोबांची पावले ऐकू येतात. हाइनेचा हालेवी पवित्र नगरापाशी पोहोचतो. कविता मात्र अपुरीच राहिली.

आणि याच अखेरच्या वर्षांत तो आपल्या आठवणी लिहीत होता. आईची शिस्त, मामाची वेणी, पिसे झडलेला पोपट, धुळीची पेटी आणि ती वही, हे सगळे त्याने गाद्यांच्या त्या कबरीत पडून लिहिले. तो ज्यू आजोबा, ज्यांच्या नावाखातर त्याने शाळेत मार खाल्ला होता आणि ज्यांचा धर्म त्याने तिकिटासाठी सोडला होता, तेही या आठवणींत आहेत. त्यांची दाढीसुद्धा आहे. १७ फेब्रुवारी १८५६ रोजी हाइने पॅरिसमध्ये वारला. मोंमार्त्रच्या दफनभूमीत त्याची समाधी आहे. आठवणींचा उरलेला भाग १८८४ साली छापला गेला आणि तेव्हा कुठे सिमोन आजोबा जगाला कळले.

मग विद्वान त्यांच्या मागावर निघाले. आजोबांची रोजनिशी सापडली. ती मुख्यतः हिब्रूत होती. बुडापेस्टचे अभ्यासक डाव्हिड काउफमान यांनी १८९६ मध्ये हाइनेच्या पूर्वजांवर ग्रंथ लिहिला. पुढे फ्रिट्स हायमान नावाच्या एका ज्यू पत्रकाराने या यात्रेकरूवर पुस्तक केले. हायमान हिटलरच्या राजवटीमुळे जर्मनीतून बाहेर पडला होता. त्याचे पुस्तक १९३७ साली हॉलंडमध्ये, ॲम्स्टरडॅमला निघाले. त्याचे नाव 'शेवालिए फोन गेल्डर्न'. स्वतः परागंदा असलेला माणूस दीडशे वर्षांपूर्वीच्या भटक्याची वाट शोधत बसला होता. पुढे जर्मन सैन्य हॉलंडमध्ये शिरले. हायमान पकडला गेला आणि आउशवित्सच्या छळछावणीत त्याचा अंत झाला. युद्धानंतर त्याचे पुस्तक पुन्हा छापले गेले.

ड्युसेलडॉर्फच्या विद्यापीठाला हाइनेचे नाव द्यावे की नाही, यावर वीसहून अधिक वर्षे वाद चालला. अखेर १९८८ साली ते देण्यात आले. गावातल्या बिल्करस्ट्रासेवर हाइनेच्या नावाची संस्था आहे. तिथे त्याच्या हातची शेकडो पाने जपून ठेवलेली आहेत आणि दूरदेशीचे लोक ती पाहायला येतात. मोरियाच्या टेकडीवर सिमोन आजोबांना काय दिसले, ते मात्र त्यांनी शेवटपर्यंत स्वतःपाशीच ठेवले.